चौथं कुत्रं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण त्या वर्षी आमच्या गावात असा वारा सुटला होता की शेजारच्या सुन्नेवाच्या कोंबडीनं अर्धं घातलेलं अंडं परत आत गेलं. सुन्नेवा स्वतः सांगायची. कोंबडी त्यानंतर कायम समुद्राकडे पाठ करून बसायची म्हणे.

ते सत्तावन्न साल. मी नऊ वर्षांची. फॅरो बेटांवरचं आमचं गाव म्हणजे डोंगराच्या पायाला चिकटलेली आठ-दहा घरं. छपरांवर गवत, पुढे समुद्र, मागे मेंढरं. तोवर जगात कुठं काय चाललंय ते टपालाची होडी आली तर कळायचं, आणि होडी येईपर्यंत ज्याचं राज्य गेलं म्हणून आम्ही हळहळायचो त्याला ते परतही मिळालेलं असायचं. त्या फेब्रुवारीत आमच्या राजधानीतून, तोर्सहाव्नहून, आमच्या बोलीत रेडिओ सुरू झाला आणि सगळं जग एकदम तुम्मासच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं.

तुम्मास गावचा मुख्य मेंढपाळ. डोंगरावरची मेंढरं सगळ्या गावाची मिळून होती. ती कधी खाली हाकायची, कुठली कापायची, कुठलं कुत्रं ठेवायचं आणि कुठल्याला फास द्यायचा, हे त्याच्या तोंडून निघायचं. रेडिओ त्याच्याकडंच. संध्याकाळी सगळे आपापली विणकामं घेऊन तिथं जमायचे. माझे बाबा, हानुस त्यांचं नाव, दाराजवळ भिंतीला टेकून उभे राहायचे. खुर्ची दिली तरी घ्यायचे नाहीत. खोक्यातला माणूस आपली बोली बोलतो, पण तो कुठल्या घरचा, त्याचा बाप कोण, हे कुणी सांगत नाही, मग त्याचं ऐकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. तरी एक दिवस चुकवायचे नाहीत.

बाबा सगळ्यांवरच संशय घ्यायचे. कॉफीसुद्धा आधी हुंगायचे. तरुणपणी ट्रॉलरवर दोरखंडाचा फटका बसून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि दोरखंड कुणाच्या हातून सुटला ते अख्ख्या बोटीवर कुणी कबूल केलं नाही. त्यानंतर डावा पाय चढण चढेना. आता आमच्याकडं रीत अशी, की मेंढरं हाकायच्या दिवशी प्रत्येक घरानं डोंगरावर आपला माणूस द्यायचा. बाबांच्या जागी दिम्मा जायची. दिम्मा आमची कुत्री. काळी, छातीवर मूठभर पांढरं. बाबा खाली दगडी कुंपणाशी उभे राहून शीळ घालायचे आणि ती वरच्या कड्यावर वळायची. इतकी पळायची की ती आधी पोचायची, तिचं भुंकणं मागाहून. ती होती तोवर बाबा पुरुषांत धरले जायचे. ती गेली असती तर त्यांना हाकणीच्या दिवशी बायकापोरांबरोबर मेंढरांच्या वाड्याचं फाटक धरून उभं राहावं लागलं असतं. हे घरात कुणी बोलून दाखवायचं नाही, पण तिच्या ताटलीत पहिला मासा पडायचा.

आणि कुत्रं म्हणजे वाटेल तेव्हा वाटेल त्यानं पाळावं असं नव्हतं. सहाशे वर्षांपूर्वीचा कायदा. कुठल्या गावानं किती कुत्री ठेवायची ते ठरलेलं. आमच्या गावाला तीन. एक तुम्मासचं, एक सुन्नेवाचं, एक आमचं. ज्या कुत्र्यानं मेंढीला दात लावला त्याला फास. मग ती जागा रिकामी, आणि ती कुणाला द्यायची ते गावाच्या बैठकीत ठरायचं.

त्या वसंतातल्या बैठकीत सामाल उठून उभा राहिला. तिशीतला, ग्रीनलंडच्या मासेमारीवरून परत आलेला. आई वारलेली, घरात एकटाच. मला एक कुत्रं पाळायचंय, म्हणाला. सगळे जमिनीकडं बघायला लागले. बाबा म्हणाले, तीन जागा आहेत आणि तिन्ही भरल्यात, तुझं चौथं उभं कुठं राहणार. सामाल हसला. ठीक आहे, थांबतो, म्हणाला.

तेवढा एक शब्द बाबांनी घरी आणला आणि उन्हाळाभर चघळला. थांबतो म्हणजे काय? कशासाठी थांबतो? कोण मरायची वाट बघतोय?

मग शरद आला, आणि काय काय घेऊन आला. आधी रशियानं आभाळात तो गोळा सोडला. रेडिओवर त्याचं बीप-बीप ऐकवलं. बिल्ला आजी, म्हणजे बाबांची आई, तशीच उठून बाहेर गेली आणि दोरीवरचे आपले लोकरी चड्डे आत घेऊन आली. म्हणाली, कोण जाणे वरून कुठवर दिसतं. मग इंग्लंडात अणूच्या कुठल्याशा कारखान्याला आग लागली आणि तिकडं दूध ओतून द्यायला लागले. त्या दिवसापासून बाबा आमच्या गाईचं दूध भांडं फिरवून फिरवून हुंगायला लागले. गाय पण त्यांच्याकडं संशयानं बघायला लागली. आणि मग तो ताप आला. आशियातून निघाला होता म्हणे. अर्धं जग फिरून पिठाच्या पोत्यांबरोबर आमच्या धक्क्यावर उतरला. त्यानंतर दुकानाचा माल आणणारी होडीच यायची बंद झाली.

बाबा अंथरुणाला खिळले ते नेमके मेंढरं कापायच्या दिवसांत. मेंढरं वाड्यात, चाकू लावलेले, आणि घरचा कर्ता पुरुष घामानं भिजलेला, बरळतोय. आईनं पदर खोचावा तसा झगा वर खोचला. स्वतः ताप अंगात घेऊन ती कापायला बसली. मी बादलीत रक्त ढवळायचे, गोठू नये म्हणून, कोपरापर्यंत. आतडी ओढ्यावर धुवायची. पाणी असं की बोटं कुणा दुसऱ्याची वाटायची. बिल्ला आजी डोकी भाजायची आणि प्रत्येक डोक्याशी गप्पा मारायची. सोललेलं धूड मग खोपीत टांगायचं. खोप म्हणजे फटी ठेवून बांधलेल्या फळ्यांची, समुद्राचा वारा आरपार जाऊन मांस वाळावं म्हणून. आईचा हात वरच्या आढ्याला पोचेना. ती ओझं खांद्यावर घेऊन पायाच्या बोटांवर उभी, आणि मागून कुणीतरी ते अलगद उचललं. सामाल. आपला चाकू घेऊन आला होता. न विचारता, न बोलता कामाला लागला.

बाबा अंथरुणातून कान देऊन ऐकायचे. संध्याकाळी मला जवळ बोलवायचे. तो कुठं कुठं गेला? कशाला हात लावला? खोपीत एकटा किती वेळ होता? मी आपलं काहीबाही रंगवून सांगायचे, आजारी माणसाला करमणूक लागतेच. सामालनं कुठल्या मेंढीच्या कानात काहीतरी सांगितलं, असंही एकदा सांगितलं. बाबांनी ते दोनदा वदवून घेतलं.

दिम्माला त्या दिवसांत शीळ घालायला कुणी नव्हतं. दारात पडून राहायची. कधी संध्याकाळी नाहीशी व्हायची आणि सकाळी जिभल्या चाटत यायची. आई म्हणाली, ओढ्यावरची आतडी खात असेल.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सुन्नेवा ओरडत खाली आली. उताराच्या पायथ्याशी दोन मेंढ्या गळा फाटून पडलेल्या. तिसरी ओढ्यात, मांडी फाडलेली, जिवंत. सुन्नेवानं उजाडताना वर एक काळं कुत्रं पळताना पाहिलं होतं. काळी आमची दिम्मा होती आणि काळाच तुम्मासचा कुत्रा होता, पण गाव आमच्या दारात आलं.

तुम्मास उंबऱ्याच्या आत आला नाही. वाकून त्यानं दोन अंगठ्यांनी दिम्माचा जबडा उघडला. दाढेत लोकर होती. बाबा भिंत धरत दारापर्यंत आले होते. सगळा महिना ती वाड्यात मेंढरांत होती, लोकर असणार नाही तर काय रेशीम असणार, म्हणाले. तुम्मास म्हणाला, खरं आहे. पण म्हणाला अशा आवाजात, की ते खरं नसल्यासारखं वाटावं. आज रविवार, उद्या सकाळी वाड्यावर सगळ्यांसमोर साबणाचं पाणी पाजू, पोटात काय आहे ते बाहेर येईल.

“लोकर कुणी कोंबली ते बघ आधी,” बाबा म्हणाले. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी सामालकडं पाहिलं आणि सामालनं आपल्या बुटांकडं.

त्या संध्याकाळी बाबा आजारात पहिल्यांदा घराबाहेर पडले. घोंगडं गुंडाळून, माझ्या खांद्यावर भार टाकून तुम्मासकडं आले. आलो नाही तर कबूल केल्यासारखं होईल, म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी रेडिओवाल्यानं सांगितलं, की आज पहाटे रशियानं आभाळात एक कुत्री पाठवली. जिवंत.

स्वयंपाकघरात एक बिल्ला आजी सोडून सगळ्यांच्या सुया थांबल्या. कुत्री वरची, आणि सगळे बघताहेत आमच्या बाबांकडं. बाबांचे कान लाल झाले. सुन्नेवानं विचारलं, ती खाली कशी येणार. तुम्मास म्हणाला, ते सांगितलं नाही. तेव्हा बिल्ला आजी सुया न थांबवता म्हणाली, “आणि आपल्या हद्दीत पडली तर कुणाच्या वाट्यात धरायची?”

तुम्हाला हसू येईल. पण तिथं कुणी हसलं नाही. तिथं वाद पेटला. कुंपणाच्या आत पडली तर गावाची, कुंपणाबाहेर पडली तर राजाची, असं एक म्हणणं. तुम्मास म्हणाला, कायद्यात आणलेल्या कुत्र्याचं आहे, पडलेल्याचं नाही. सुन्नेवा म्हणाली, चौथी होते, चौथीला जागा नाही, तिला परत वर पाठवावी लागेल. कॉफी दोनदा झाली. सहाशे वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या लक्षात आलं होतं की त्या कायद्यात आभाळाचा विचारच केलेला नाही. सामाल मात्र एक शब्द बोलला नाही, आणि बाबांनी सबंध वेळ फक्त तेवढंच पाहिलं.

सकाळी पाऊस आडवा येत होता. वाड्यात गाव उभं. बाबांनी दिम्माला गुडघ्यांत धरलं. पायात जोर नव्हता, म्हणून आई मागून त्यांना टेकू देऊन उभी होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. तुम्मासनं कॉफीच्या किटलीत कोमट साबणाचं पाणी आणलं होतं. गालाच्या कडेनं ओतलं. दिम्मा धडपडली नाही. बाबांकडं बघत गिळत राहिली. बाबांनी तिचे डोळे हातानं झाकले. ती बघत असताना त्यांना तिला धरून ठेवणं जमेना.

मग तिनं मान खाली घातली, पाठ कमानीसारखी केली आणि ओकली. फेस. माशाची कातडी. बटाटा. तुम्मास काठीनं पसरून बघत होता. लोकर नव्हती. आणखी एक उबळ आली, आणि दगडावर टकटक वाजत तीन-चार आठळ्या पडल्या.

सुक्या आलुबुखाऱ्याच्या आठळ्या.

दुकान महिनाभर रिकामं होतं. गावात आलुबुखारा एकाच घरी होता. सामालनं ग्रीनलंडहून येताना जहाजावरची पेटी आणली होती, आणि अधूनमधून तो त्याचं गोड सूप करायचा, हे वासावरून सगळ्यांना माहीत होतं.

सामालचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

“मी घालायचो खायला,” तो म्हणाला. “ती यायची माझ्याकडं.”

“कधीपासून?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही पडलात तेव्हापासून. हानुसदादा, तिला भूक लागायची. तुमच्या घरात सगळेच तापानं फणफणलेले, तिच्याकडं बघणार कोण?”

आईनं तोंड फिरवलं. आमच्या घरात कुत्र्याला खायला मिळत नाही, हे गावासमोर बोललं गेलं होतं, आणि तेही आमच्या बाजूनं बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाकडून. बाबांच्या हातातली दिम्माची मान आवळली जात होती ते मला दिसत होतं. त्यांनी विचारलं, शनिवारी रात्री होती का ती तुझ्याकडं. होती, माझ्या पायाशी झोपली होती, सामाल म्हणाला. तुम्मासनं विचारलं, गेली कधी? पहाटे. पहाटे म्हणजे उजाडायच्या आधी की नंतर?

सामालनं दिम्माकडं पाहिलं. मग म्हणाला, “अंधार होता.”

झालं. म्हणजे सामालच्या दारातून आमच्या दारात यायला तिला वाटेल तेवढा वेळ होता, आणि मधे अख्खा डोंगर.

बाबांनी तरी हट्ट धरला, की आता बाकीच्या दोघांनाही पाजा. तुम्मासचा जबडा घट्ट झाला, पण त्यानं आपल्या कुत्र्याला स्वतः पाजलं. माशाची डोकी निघाली. सुन्नेवाच्या कुत्र्यानं तर पाद्रीबुवांचा गेल्या ईस्टरला हरवलेला हातमोजा काढला, पाची बोटं शाबूत. मी स्वतः पाहिलाय. पाद्रीबुवांनी तो धुवून वापरला. लोकर कुणाच्याच पोटातून निघाली नाही. पण तुम्मास म्हणाला, एक दिवस उलटून गेलाय, एका दिवसात पोट रिकामं होतं, यावरून काहीच ठरत नाही.

मग सगळे आधी एकमेकांच्या कुत्र्यांकडं बघायला लागले, नंतर एकमेकांकडं. कुणीच काही म्हणत नव्हतं, पण पाय बोलत होते. एकेक माणूस पावलापावलानं तुम्मासच्या बाजूला सरकत होता. कुणाला तरी फास द्यायलाच हवा होता, नाही तर उद्या पुन्हा मेंढरं मरतील. मुख्य मेंढपाळाच्या कुत्र्याला कोण हात लावणार? सुन्नेवाला पाच मुलगे. मग राहिलं लंगड्या माणसाचं. शेवटी आमच्याकडं बाबा, आई, मी आणि दिम्मा एवढेच उरलो. सामाल मधे उभा होता, कुणाच्याच बाजूला नाही.

बिल्ला आजी उपड्या बादलीवर बसली होती. ती म्हणाली, “मेंढरं मेली कधी?”

“रविवारी पहाटे,” तुम्मास म्हणाला.

“आणि ते रशियाचं कुत्रं वर गेलं कधी?”

सुन्नेवा सावकाश म्हणाली, की ते पृथ्वीभोवती फेऱ्या मारतं असं खोक्यातल्यानं सांगितलं, म्हणजे ते आपल्यावरूनही जात असणारच. कुणीतरी म्हणालं, पण ते खाली कसं येईल. तेव्हा सामाल पुढं आला आणि थेट तुम्मासच्या डोळ्यांत बघत बोलला.

“मी पाहिलं. दिम्मा गेली, मी दारात उभा होतो. ती खाली हानुसदादांच्या घराकडं गेली. आणि वर, डोंगराच्या अंगाला, काहीतरी चमकत उतरलं. थोड्या वेळानं परत वर गेलं.”

सामाल खोटं बोलत होता हे तिथल्या कोंबड्यांनाही कळलं. तुम्मासला कळलं. मला कळलं, आणि खोटं कसं बोलावं याची थोडीफार जाण मला तेव्हाही होती. वाईट खोटं होतं, घाईत केलेलं. पण तुम्मासनं टोपी मागं सारली आणि बराच वेळ आभाळाकडं बघत राहिला. ढगांशिवाय तिथं काही नव्हतं.

“म्हणजे गावाबाहेरचं कुत्रं,” तो म्हणाला. “चौथं.”

“चौथंच,” सुन्नेवा म्हणाली.

“मग त्याला फास द्यायला आपला हात पोचत नाही.” त्यानं किटली उलटी करून उरलेलं पाणी झटकलं आणि निघाला. सरकत गेलेले पाय सावकाश परत आपापल्या जागी आले, जणू कुणी हललंच नव्हतं.

घरी येताना आई म्हणाली, सामालला बोलवून जेवायला घालू या. बाबा दारात आल्यावर म्हणाले, “तो माझ्यासाठी खोटं का बोलला?” आई म्हणाली, चांगला माणूस आहे म्हणून. बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू हे तिला कुणीतरी शिकवलं असावं.

पुढच्या आठवड्यात रेडिओनं सांगितलं की आभाळातली कुत्री मेली. दुसऱ्या दिवशी तुम्मास पावसातून आमच्या घरी आला, आणि या वेळी आत आला. टोपी काढली. “मेलं ते,” म्हणाला. “कायद्याप्रमाणं झालं. आता गावाचं कुणावर काही नाही.” बाबांनी त्याला कॉफी दिली, आणि मला वाटतं तेवढी एकच कॉफी त्यांनी न हुंगता प्यायली.

नाताळात बाबांनी मला वाळलेल्या मांडीचा चांगला तुकडा देऊन सामालकडं पाठवलं. आणि सांगितलं, विचार त्याला, खोटं का बोललास. सामालनं मांस घेतलं, वास घेतला, खुंटीला टांगलं. म्हणाला, “सांग त्यांना, खोटं नव्हतं.” मी तसंच येऊन सांगितलं, काही न लावता. बाबांनी त्यावर आठ दिवस विचार केला आणि पुन्हा सामालचं नाव घरात काढलं नाही.

एक मात्र झालं. तुम्मास येऊन गेला त्या दिवसापासून बाबा अंधार पडायच्या आत दिम्माला घरात घ्यायला लागले. दार लावायचे, अडणा घालायचे, आणि अडणा नीट बसलाय का ते हातानं हलवून बघायचे. आमच्याकडं कुत्रं घरात झोपवायची पद्धत नव्हती. आईनं विचारलं तर म्हणाले, थंडी फार आहे.

त्या हिवाळ्यात डोंगरावर एकही मेंढरू फाटलं नाही. गाव म्हणालं, फाटणार कसं, ते कुत्रं मेलं ना. बाबा मात्र चुलीपाशी बसायचे, दिम्मा समोर पसरलेली, आणि ते तिच्याकडं बघत राहायचे. तीही त्यांच्याकडं बघायची, पापणी न लववता. दोघांपैकी आधी कोण नजर खाली घालतंय ते बघायचं म्हणून मी डोळे ताणून पडून राहायचे. मला झोप लागायची, ते दोघं तसेच असायचे.